छापलेला डोंगर

एका डोंगराच्या पायथ्याशी गाव होते आणि त्या गावात म्हाळसाबाई नावाची रंगारीण राहत होती. तिच्यासारखा लाल रंग आसपास कुणालाच जमत नसे. त्यासाठी मुळ्या तीन दिवस उकळाव्या लागत. बघता बघता लाल लुगड्यांची टूम निघाली. मागच्या वर्षीचे लुगडे धड असले तरी बायका नवे मागू लागल्या. म्हाळसाबाईच्या एका चुलीच्या चार चुली झाल्या.

लाकूड डोंगरावरून येई. हळूहळू डोंगर उघडा पडला. उन्हाळे सोसवेनात. पाऊस महिनाभर दडी मारी, मग एकाच दिवशी कोसळे आणि शेतातली माती घेऊन जाई. लोक म्हणत, "दिवसच फिरलेत, आपण काय करणार?"

म्हाळसाबाईला मात्र चैन पडेना. तिने वीस हात पांढरे कापड घेतले आणि झाडाचा एक ठसा कोरला. रंगकामाला लागून तिला वीस वर्षे झाली होती. वर्षाला एक हात धरून तिने आठवेल तसा डोंगर छापला. पहिल्या हातावर झाडांची दाटी होती. पुढे ती विरळ होत गेली. विसाव्या हातावर तीनच झाडे उरली, आणि त्यांच्याखाली पेटत्या चुलीपाशी बसलेली एक बाई. ती म्हाळसाबाई स्वतः होती.

तिची लुगडी गावोगाव नेऊन विकणारे व्यापारी त्र्यंबकशेठ ते कापड पाहून थक्क झाले.

"म्हाळसाबाई, हे मी राजवाड्यात लावतो. तुमचे नाव होईल. फक्त हा शेवटचा तुकडा कापा आणि तिथे लाकूडतोडे दाखवा. आपल्याच हाताने आपली बदनामी कशाला?"

राजवाड्याचे नाव ऐकून तिला मोह पडला. तिने कात्री उचललीही. पण थोड्या वेळाने ती खाली ठेवली.

"शेठ, लाकूडतोडे लाकूड आणत होते ते कुणासाठी? जळले ते माझ्याच चुलीत."

शेठ नाराज होऊन निघून गेले. म्हाळसाबाईने कापड जत्रेच्या वाटेवर बांधले आणि ती बाजूला मान खाली घालून उभी राहिली. लोक कापडाच्या कडेने चालू लागले. शेवटच्या हातापाशी येऊन ते चुलीजवळच्या बाईकडे बोट दाखवू लागले. आता सगळे आपल्याला नावे ठेवणार, असे तिला वाटले.

तेवढ्यात वीटभट्टीवाला धोंडजी पुढे आला. "बाई, तू एकटीच कशी? माझी भट्टीही छाप इथे."

एक लाल लुगड्यातली बाई म्हणाली, "आणि मलाही. माझ्या पेटीत अशी सात लुगडी पडून आहेत."

संध्याकाळपर्यंत कापडावर जागा उरली नाही. म्हाळसाबाईला नवा तुकडा जोडावा लागला.

त्यानंतर लुगडे विरेपर्यंत नेसण्याची आणि त्याला नक्षीदार ठिगळ लावण्याची टूम निघाली. लाल रंग फक्त लग्नापुरता राहिला. एरवी म्हाळसाबाई न उकळता चढणारा निळा रंग देऊ लागली. धोंडजीने भट्टी वर्षातून एकदाच पेटवली. सगळ्यांनी मिळून डोंगरावर रोपे लावली. उन्हाळे काही लगेच निवले नाहीत. पण पाचव्या वर्षी, भर चैत्रात, डोंगर चढणाऱ्याला टेकण्यापुरती सावली मिळू लागली.

तात्पर्य: लोकांना जागे करायला निघालेल्या कलावंताने चित्रात आधी आपली चूक दाखवावी, मग पाहणाऱ्याला आपली चूक कबूल करायची लाज वाटत नाही.