दाजीसाहेबांचं थांबवलेलं ताट

थाळी हॉटेलचे मालक दाजीसाहेब हटूनच बसले होते. हॉटेलची वेबसाइट उघडली की आधी फुलं बरसायची, सनई वाजायची; तोवर मेनूचा पत्ता नाही आणि गिऱ्हाईक पसार.

"फुलांना हात लावलात, तर काम दुसऱ्याला देईन!"

वेबसाइट सुधारायला आलेल्या मृण्मयीचं बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. तेवढ्यात वाढपी दाजीसाहेबांचं ताट घेऊन आला. तिनं त्याला अडवलं, आणि स्वतःच घाबरली.

"थांबा, आधी रांगोळी काढू, सनई लावू."

"अहो बाई, भुकेनं जीव चाललाय! आधी वाढा, रांगोळी मागाहून काढा!"

"गिऱ्हाइकालाही तसंच वाढू ना, दाजीसाहेब? आधी मेनू, फुलं मागाहून."

दाजीसाहेब खो खो हसले. "करा तसंच! अरे, बाईंनाही वाढ, गरमागरम!"

बाळ झाल्यापासून तिच्या वाट्याला वाफाळता भात आजच आला होता. पहिल्या घासालाच तिचे डोळे भरून आले.