दोनच बॅगा

"माय, ज्याला सोडणं जमतच नाही, त्याला ते शिकवायचं कसं?"

सरूमाय मेथीची जुडी मांडीवर घेऊन पानं खुडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कोण्याले जमत नाही?"

"कल्याणीला. माझ्या बायकोला."

मायने पुढचं पान खुडलं.

अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, संन्यास घेतलेल्या सरूमायची मढी होती. एक खोली आणि पुढे ओसरी. दोन भगवी लुगडी, एक कांबळं, एक तांब्या आणि एक कटोरा, एवढाच तिचा संसार. दुपारची भाकरी गावातून कुणीतरी आणून देई.

शैलेंद्र गावंडे पाटबंधारे खात्यात अभियंता होता आणि दर रविवारी मायकडे येत असे. तिचं बघून त्यानेही बरंच काही सोडलं होतं. रात्रीचं जेवण सोडलं, गादी सोडली, चार शर्ट ठेवून बाकीचे वाटून टाकले. ऑफिसात लोक गमतीने त्याला महाराज म्हणत. त्याला ते आवडे, पण आवडतं हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं.

"परवा सकाळी कोकणात निघायचंय, माय. पोरांनी अजून समुद्र पाहिला नाही. गार्गी तर रोज दिवस मोजते आहे."

"मंग जा नं."

"जाणारच. पण कल्याणीच्या पाच बॅगा झाल्यात. चार माणसांच्या पाच. विजेची किटली घेतली, रबरी चादर घेतली, तुपाचा डबा घेतला. छोट्यासाठी मऊ भात लागतो म्हणून कुकर घेतला. कुकर, माय... आम्ही हॉटेलात राहायला चाललोय."

मायच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"मी म्हटलं, दोनच बॅगा न्यायच्या. तिसरी दाराबाहेर पडणार नाही."

"मंग काय म्हणे ते?"

"वाद घातला नाही. पाचही बॅगा पलंगावर उलट्या केल्या आणि म्हणाली, तुम्हीच घेऊन जा मुलांना. मी घरी थांबते."

"रडली?"

"नाही. अगदी शांतपणे म्हणाली."

माय थांबली. मेथीची एक काडी तिच्या बोटांत तशीच राहिली.

त्या शांतपणानेच शैलेंद्रला आत कुठेतरी टोचलं होतं, पण ते त्याने मायला सांगितलं नाही. पलंगावर तो ढीग अजून तसाच होता. काल रात्री चौघंही बैठकीत खाली झोपले. कल्याणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जागी आहे हे त्याला कळत होतं.

"उद्या तिला इथे घेऊन येतो," तो म्हणाला. "तुम्ही कशा राहता ते तिने एकदा डोळ्यांनी पाहावं. माझ्या सांगण्याने ती ऐकत नाही."

मायने मांडी झटकली.

"उद्या पोरायले आण. तिले राहू दे घरी."

"पोरांना? त्यांना काय कळणार?"

"मले पाह्याचे हायेत."

"बरं... सोबत काय आणू?"

"तुले लागन तेवढं," माय म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी मुलांना नेतो म्हटल्यावर कल्याणी सवयीने पिशवी भरायला उठली. शैलेंद्रने तिला थांबवलं.

"काही नको. मायकडे चाललोय."

तिने हातातला लहानसा टॉवेल ठेवून दिला. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती.

शैलेंद्र मढीशी उतरला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची एक बाटली आणि बिस्किटांचा एक पुडा होता.

"एवढंच?" मायने विचारलं.

"एवढंच."

आवाजात थोडा अभिमान आलाच.

गार्गी सहा वर्षांची होती आणि चिनू दोनचा. गार्गी मायला नमस्कार करत होती, तेवढ्यात चिनू ओढ्यात जाऊन बसला. पडला नाही, मुद्दाम बसला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, पाणी गार होतं. शैलेंद्रने त्याला उचललं तेव्हा तो गळ्यापर्यंत चिखलाने माखला होता आणि हसत होता.

"कपडे दुसरे?" माय म्हणाली.

शैलेंद्रने रिकाम्या गाडीकडे पाहिलं.

माय आत गेली आणि दोरीवरचं लुगडं घेऊन आली. त्याच्या एका टोकाने तिने चिनूला पुसलं आणि दुसऱ्यात गुंडाळलं. धुतलेलं, घडी न मोडलेलं लुगडं होतं ते. क्षणात त्याचा रंग ओळखू येईना.

"माय, राहू द्या, मी..."

"तू काय करशीन?"



बिस्किटं आल्या आल्याच संपली होती. गावातून भाकरी आली, तिच्यासोबत मिरचीचा ठेचा होता. गार्गीने जिभेला लावला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मायने तांब्या घेऊन शेजारच्या वस्तीवरून शेळीचं दूध आणलं, आपल्या कटोऱ्यात भाकरी कुस्करली, गूळ घातला. गार्गीने खाल्लं. चिनूने पहिला घास घेतला, दुसऱ्या घासाला मान फिरवली आणि तिसऱ्याला कटोराच उडवला. दूध ओसरीभर झालं.

"हा घरी कसा खाते?" मायने विचारलं.

"कल्याणी भरवते."

"ते समजलं. कसा खाते?"

शैलेंद्र आठवू लागला. कल्याणी चिनूला घेऊन गॅलरीत उभी असते, हे त्याला आठवलं. तिच्या हातात वाटी असते, हेही आठवलं. तिथून पुढे काही आठवेना. त्या वेळी तो बहुधा वाचत असे.

"चिमणी दाखवून," गार्गी म्हणाली. "आणि भात लागतो त्याला. मऊ. भाकरी त्याला गिळता येत नाही, बाबा."

मग माय उठली आणि तिने चुलीवर तांब्यातच मूठभर तांदूळ शिजत घातले. तांब्या बाहेरून काळा झाला. भात झाला तोवर चिनू रडून दमला होता. झाडावर चिमणी नव्हती, एक कावळा होता. मायने तोच दाखवला. चिनूने चार घास खाल्ले.

ऊन उतरलं. वारा सुटला. मायने त्याला आपल्या कांबळ्यावर बसवलं, आणि थोड्याच वेळात कांबळंही ओलं झालं. शैलेंद्रने हात जोडले.

"चुकलं, माय."

"त्याचं काय चुकलं? लेकरू हाये ते."

"माझं म्हणतोय."

मायने कांबळ्याचा ओला कोपरा दुमडला.

झोपेची वेळ झाली आणि चिनू खरा रडायला लागला. हे रडणं निराळं होतं, भुकेचं नव्हतं आणि हट्टाचंही नव्हतं. शैलेंद्रने खांद्यावर घेतलं, फिरवलं, थोपटलं, गाणंसुद्धा म्हटलं. चिनू मागे मान टाकून एकच शब्द म्हणत होता.

"मऊ... मऊ..."

"काय मऊ, बाळा? भात?"

"मऊ..."

शैलेंद्रने कल्याणीला फोन लावला. रिंग वाजत राहिली, तिने उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. असं ती कधी करत नसे. एका हाताने पोराला सावरत, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून तो ओसरीत उभा राहिला. तिचा तो शांत आवाज त्याला आठवला आणि त्याने तिसऱ्यांदा फोन लावला.

"बाबा, मऊ म्हणजे आईच्या साडीचा तुकडा," गार्गी म्हणाली. "पिवळा. तो मुठीत धरला की चिनू झोपतो."

"कुठे असतो तो?"

"आईने बॅगेत ठेवला होता. सगळ्यात वर. हे फडकं कशाला म्हणून तुम्हीच काढलात ना?"

शैलेंद्रने फोन खिशात ठेवला.

मायने हात पुढे केले. त्याने चिनूला तिच्या मांडीवर दिलं. चिनू हुंदके देत चाचपडू लागला. मायच्या अंगावरचं लुगडं वर्षानुवर्षं धुऊन अगदी विरलं होतं. त्याच्या पदराचं टोक चिनूच्या हाताला लागलं. त्याने ते मुठीत घेतलं, गालाला लावलं, हुंदका दिला... आणि झोपला.

ओसरीवर एकदम शांतता झाली. ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं.

शैलेंद्र खाली उतरला. त्याने चिखलाचं लुगडं ओढ्यावर नेऊन धुतलं. चिखल सहजासहजी निघेना. मग कांबळं धुतलं. ते पाण्यात इतकं जड झालं की पिळताना त्याचे खांदे भरून आले. तांब्या राखेने घासला, कटोरा घासला, ओसरी पुसून काढली. गार्गी त्याला राख आणून देत होती आणि समुद्राचं पाणी खारट का असतं ते विचारत होती. तो उत्तरं देत होता.

सगळं दोरीवर टाकून तो वर आला, तेव्हा सांज झाली होती.

"दिव्याची वेळ झाली, माय. पदर हळूच सोडवून घेऊ का?"

"नको. दिवा तू लाव."

त्याने दिवा लावला. परत येऊन तो तिच्या समोर बसला. अंगावरच्या त्या विरलेल्या लुगड्याखेरीज तिच्याजवळ आता वापरण्याजोगं कोरडं काही नव्हतं, आणि त्याचाही पदर पोराच्या मुठीत होता.

"तुम्हाला उठताही येत नाही," तो म्हणाला.

"नाई येत."

"तुम्ही तर सगळं सोडलंय, माय."

"सोडलं नं," माय चिनूकडे बघत म्हणाली. "याच्या हाती सोडलं."

शैलेंद्रने मान खाली घातली. 

फोन वाजला. त्याने घाईने उचलला.

"अहो, तुमचे किती फोन येऊन गेले," कल्याणीचा आवाज घाबरलेला आणि झोपेने जड होता. "मुलं बरी आहेत ना? चिनू रडला का? मी कपडे आवरत होते, पलंगावर जरा टेकले आणि डोळा लागला. कसा लागला कळलंच नाही. चुकलं माझं."

"मुलं बरी आहेत."

"आणि ऐका... मी येते उद्या. दोनच बॅगा भरते, तुम्ही म्हणता तसं. गार्गीचा विरस नको."

ती हे अगदी सहज बोलली. हीच गोष्ट तिच्या तोंडून यावी म्हणून तो काल इथे आला होता. आता ती त्याला ऐकवेना.

"कल्याणी, तो पिवळा तुकडा कुठे आहे?"



"उशीखाली ठेवलाय मी," ती हळूच म्हणाली.

"तो राहू दे बाहेर, वाटेत लागेल. बाकीच्याला हात लावू नकोस. मी आलो की तू सांगत जा, मी भरतो."

"कुकर?"

"कुकरसुद्धा."

मग कल्याणीचं हसू ऐकू आलं, अगदी थोडंसं. तेवढ्यानेही त्याला हलकं वाटलं.

निघायची वेळ झाली. चिनूची मूठ झोपेत आपोआप सैल झाली होती. मायने पदर सावरला. शैलेंद्रने पोराला खांद्यावर घेतलं, गार्गीचा हात धरला आणि वाकून नमस्कार केला.

"नवं कांबळं पाठवतो, माय."

"हेच वाळन सकाळलोक."

तो पायरी उतरला आणि थांबला. जे पाहिलं ते कुणाला तरी दाखवावं असं त्याला फार वाटत होतं.

"कोकणातून आलो की कल्याणीला घेऊन येईन. दिवसभर राहील तुमच्याजवळ. तिलाही काही शिकायला मिळेल."

दिव्याच्या उजेडात माय त्याच्याकडे बघत राहिली...

"शिकाले नको आणू, बापू," ती म्हणाली. "झोपाले आण."