उंबरगडच्या व्याह्यांचं स्थलदर्शन

राजकन्या आक्कासाहेबांचं लग्न लागून सतरा दिवस झाले, तरी उंबरगडचं वऱ्हाड तळसंगीतून हलेना. वरपक्षाने आपण होऊन निघायचं म्हणेपर्यंत मुलीकडच्यांनी 'आता निघा' म्हणायचं नाही, ही त्या मुलखाची रीत. आणि वरबाप भवानराव राजे तर निघायचं नावही काढीत नव्हते. गावातलं सगळं दूध त्यांच्या बासुंदीला जाई आणि तळसंगीची पोरंबाळं ताकाच्या थेंबाला महाग झाली होती.

बरं, पाहुण्यांना काही पसंत पडेल तर शपथ. धबधबा दाखवला, तर आमच्या गडाखालचा याच्या दुप्पट. देवराई दाखवली, तर आमच्या परसातली झाडं याहून उंच. पुरणपोळी वाढली, तर चार खाऊन झाल्यावर म्हणणार, आमच्या मुदपाकखान्यातली पोळी तोंडात विरघळते हो. "एकदा तरी याहून सरस स्थळ दाखवा, याहून सरस जेवण घाला, मग बघू निघायचं," असं वर ऐकवायचे.

त्यांना हिंडवून हिंडवून केरू वाटाड्याचा पाय मुरगळला. त्यामुळे तळसंगीच्या निंबाजीराव राजांनी त्याला बोलावणं धाडलं, तेव्हा हजर झाली त्याची मुलगी तानी. शेरडं राखताना घाटातली वाट न् वाट तिच्या पायाखालून गेलेली.

निंबाजीराव कावले होते. त्यांनी फर्मावलं, सोमवारच्या आत वऱ्हाड गेलं पाहिजे. 'जा' म्हणायचं नाही, मानपानात कसर करायची नाही, व्याह्यांचं तोंड वाकडं होता कामा नये. जमलं नाही, तर केरूचं वाटाड्याचं वतन गेलं आणि घाटमाथ्यावरचं घरही गेलं. व्याह्यांवरचा राग वाटाड्यावर काढायचा, ही राजेलोकांची खोडच.

घर गेलं तर लंगडत्या बापाला न्यायचं कुठे? पण तानीने क्षणभरच विचार केला.

"सरकार, मला एक घोडेस्वार द्या. आणि आक्कासाहेबांच्या पेट्या पाहुण्यांबरोबर असू द्या," ती म्हणाली.

"स्थळं बघायला पेट्या कशाला?"

"दर देवळात नव्या नवरीनं नवं लुगडं नेसून जावं, असं मी पाहुण्यांना सांगणार आहे."

घोडेस्वाराच्या कानात तिने काहीतरी सांगितलं आणि तो तडक निघाला. मग ती जाऊन भवानरावांना मुजरा करून म्हणाली, गावाजवळचं सगळं बघून झालं, आता जरा लांबचं दाखवते. तीन दिवसांचं स्थलदर्शन, जेवणखाण वाटेतच. जेवण म्हटल्यावर भवानराव लगेच पालखीत बसले आणि नव्या नवरीसकट सगळं वऱ्हाड मागोमाग निघालं.

शुक्रवारी तानीने त्यांना घाटातला जुना झरा दाखवला आणि तिथेच पिठलं, भाकरी, ठेचा असा बेत केला. भवानराव तीन भाकऱ्या खाऊन म्हणाले, उंबरगडची सर नाही. शनिवारी डोंगरापलीकडचं महादेवाचं देऊळ झालं, तिथे मांडे झाले. मांडेही उंबरगडपुढे फिके ठरले. जेवण झालं की राजे पालखीत घोरत आणि पालखी पुढे जात राही. येताना ते नदीकाठच्या मोठ्या रस्त्याने आले होते, त्यामुळे ही आडवाट त्यांच्या ओळखीची नव्हती.

वऱ्हाड्यांना मात्र रविवारी सकाळीच डोंगर ओळखू आले. पण इतके दिवस घरदार सोडून कंटाळलेली ती माणसं. एकानेही तोंड उघडलं नाही. भोई तर न सांगता भराभर चालू लागले.

"आज काय दाखवतेस?" भवानरावांनी विचारलं.

"महाराज, आज असा गड दाखवते की त्याच्या तोडीचा दुसरा नाही. जेवणही तिथेच. पण पोचेपर्यंत पडदा उघडायचा नाही, नाहीतर मजा जाईल."

"बघितलंय असं पुष्कळ! गड उणा निघाला, तर तुझ्या बापाचं वतन काढायला मीच सांगेन."

"उणा आहे असं आपण चारचौघांत म्हणालात, तर मी आपण होऊन सोडीन."

दिवस कलता कलता पालखी टेकली. सनई ऐकू आली. भवानरावांनी पडदा सारला आणि बघतच राहिले. समोर उंबरगडचा दरवाजा होता! उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं, आणि सुनेला ओवाळायला खुद्द त्यांच्या राणीसाहेब ताट घेऊन उभ्या. घोडेस्वाराने आपलं काम चोख केलं होतं. मुदपाकखान्यातून पुरणाचा वास येत होता.

"पोरी, तू आम्हाला हाकलून दिलंस?" भवानराव कडाडले. सनईवाला वाजवायचा थांबला.

तानीने मान वर ठेवली.

"महाराज, जायला कुणी सांगितलं? आपण म्हणालात सरस स्थळ दाखव, सरस जेवण घाल. मी तीन दिवस आपल्यालाच विचारत आले. दर ठिकाणी आपणच या गडाचं नाव घेतलंत. याहून चांगली जागा कुठे असेल तर सांगा, आत्ता पालखी फिरवते. नाहीतर गड उणा आहे असं म्हणा, म्हणजे मी वतन सोडते."

भवानरावांनी दरवाजाकडे पाहिलं. पहारेकरी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आचारी बघत होते, आणि राणीसाहेब तर जरा जास्तच रोखून बघत होत्या. राजे एकदम पोट धरून हसत सुटले. हसता हसता पालखीचा दांडा धरून खाली बसले.

"बाई गं, हरलो!" ते म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा शेला काढून तानीच्या खांद्यावर घातला. या घाटाचं वाटाड्याचं वतन दोन्ही राज्यांकडून तानीच्या नावे, असं तिथेच कारकुनाला लिहून घ्यायला लावलं. मग पंगतीत तिला पहिल्या पाटावर बसवलं आणि स्वतः तूप घेऊन वाढायला उभे राहिले.


"कशी आहे पोळी?" त्यांनी विचारलं.

"खरंच विरघळते की!" तानी म्हणाली, आणि तिने आणखी दोन मागून घेतल्या.