रुसलेली टकळी

तिचं कुणी खरं मानलं नाही. गोष्ट पुढं सांगते, पण हे आधी सांगून टाकते, कारण माझा जीव अजून त्यावरच जळतो. तिनं सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, पाण्यावरच्या बायांना सांगितलं, की मला आतून उठवत नाही. एकानंही खरं मानलं नाही.

तर फार पूर्वी, राजाचं नावही लोकांना धड ठाऊक नसायचं अशा काळात, माळावर घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. काय गाव होतं ते. सकाळी गल्लीभर काळे ताणे ताणलेले असायचे. त्यांना लावायची चिंचोक्याची खळ घरोघरी शिजायची, आणि तिच्या वासानं माणूस लांबूनच ओळखायचा, आलं आपलं गाव. बाप्ये मागावर बसायचे, बाया टकळीवर लोकर कातायच्या. चालताना कातायच्या, भांडताना कातायच्या. आता तो वास नाही आणि तशी भांडणंही नाहीत.

त्या गावाची एक रीत होती. लग्नात नवरा-नवरी ज्या घोंगडीवर बसतात, तिचं सूत नवरीच्या आईनंच कातायचं. दुसऱ्या बाईचा हात लागला तर घोंगडी बाद. घोंगडी नाही तर लग्न पुढं ढकला. आणि ढकललेलं लग्न बहुतेक मोडायचंच.

ही बाई गावात सगळ्यांत बारीक सूत कातायची. तिला एकुलती एक लेक. लेकीचं लग्न ठरलं, मधे दोन महिने राहिले, आणि नेमकं तेव्हाच तिला हे झालं. घरात कुणी मेलं नव्हतं, काही जळलं नव्हतं. एका सकाळी ती उठली ती अंगावर भिजलेली घोंगडी टाकल्यासारखी. ज्यानं भिजलेली घोंगडी कधी उचलली आहे त्यालाच कळेल मी काय म्हणते ते.

लोकर मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत नुसती बसायची. कातायला घेतलं तर धागा तुटायचा. पाण्यावर बाया म्हणायला लागल्या, लेकीचं चांगलं हिला बघवत नाही. सासू म्हणाली, "दोन वेळचं खायला आहे, घरात धडधाकट माणसं आहेत. तुला रडायला झालंय काय?"

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मग ती स्वतःलाच शिव्या द्यायला लागली.

आणि मग गावानं आपलं शहाणपण दाखवलं. धागा सारखा तुटतो म्हणजे टकळी रुसली, असं तिथं मानायचे. रुसलेली टकळी एकवीस दिवस देवापुढं टांगून ठेवायची. नवरा भला माणूस, त्यानं स्वतःच्या हातानं ती खुंटीला टांगली. बाईला झालेलं कुणाला दिसलं नाही, टकळीला झालेलं मात्र सगळ्यांना दिसलं. हाताला होतं तेवढंही काम गेलं. बाईनं भिंतीकडं तोंड करून अंथरूण धरलं.

लग्नाला पंचवीस दिवस उरले असताना एक म्हातारी मेंढपाळीण लोकर घेऊन आली. दर वर्षी यायची. तिनं बाईला पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "कधीपासून बसलाय तो?"

"कोण, मावशी?"

"तुझ्या छातीवर बसलाय तो. माझ्याकडं तीनदा येऊन गेलाय."

बाई रडली. दुखणं हलकं झालं म्हणून नव्हे, कुणीतरी खरं मानलं म्हणून.

म्हातारी म्हणाली, त्याला आधी नाव ठेव. नाव नसलं की वाटत राहतं, तो म्हणजे आपणच.

बाईनं विचार केला. तिच्या माहेरी लहानपणी बापाच्या नात्यातला एक गोमाजी यायचा. न बोलावता यायचा, उंबऱ्यात बसून घरातला उजेड अडवायचा, आणि काहीही करायला निघा, म्हणायचा, काय उपयोग. पेरणी केली, काय उपयोग. घर सारवलं, काय उपयोग. बाईच्या ओठाचा कोपरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलला. "गोमाजी," ती म्हणाली.

"बरं. गोमाजीला हाकलायला जाऊ नकोस, हटून बसतो. बसू दे. तू त्याच्या शेजारून उठ. तोंड धू, उन्हात बस, हातभर सूत कात. हातभरच. आणि आज तो कसा आहे हे रोज एका तरी माणसाला सांग. विहिरीकडं बोट दाखवायला लागला, तर मात्र त्याच्याशी एकटीनं बोलायचं नाही. असशील तशी उठ, हाका मारत माणसांत ये."

एवढं बोलून म्हातारीनं टकळी खुंटीवरून काढली. सासू म्हणाली, देव रागावेल.

"माझ्यावर रागावू दे. देवाला कुठं सूत कातायचंय?"

पहिल्या दिवशी हातभर सूत झालं. गोमाजी म्हणाला, काय उपयोग, अशानं पोरगी म्हातारी होईल. बाई म्हणाली, होईल, आणि सूत गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन हात. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, दिवसभर अंथरूण. पण दिवेलागणीला ती सासूला म्हणाली, "आत्या, आज गोमाजी फार जड होता."

दुखणं म्हटल्यावर जे सासूला कळलं नव्हतं, ते गोमाजी म्हटल्यावर कळलं. असला एक पाहुणा तिच्याही माहेरी होता. तिनं विचारलं, "जेवला का मेला?"

"नाही. मलाही जेवू दिलं नाही."

सासूनं दूध-भाकरी कुस्करून तिच्या पुढ्यात ठेवली आणि ती खाईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूनं पाण्यावर गोमाजीचं सांगितलं, तेव्हापासून तिथल्या बाया आपापल्या टकळ्या घेऊन तिच्या अंगणात बसायला लागल्या. तिच्या सुताला कुणी हात लावला नाही, रीत होती ना. नुसत्या शेजारी बसल्या. तिचं सूत कधी ढीगभर झालं, कधी मुळीच नाही. गोमाजी पुढंही येत राहिला, पण उंबऱ्यापलीकडं त्याचं फारसं चालेना.

तेव्हापासून त्या गावात टकळी कुणी टांगली नाही. कुणी उन्हात गप्प बसलेलं दिसलं की लोक विचारायचे, पाहुणा आलाय का, आणि जवळ बसायचे. ते विचारणं होतं तोवर गाव होतं. आज चांगल्या शिकलेल्या घरांत विचारतात, तुला रडायला झालंय काय.

म्हणून सांगते, मनाचं जडपण हा माणसाचा दोष नव्हे. ते ओळखावं, बोलून दाखवावं आणि झेपेल तेवढं सूत रोज कातावं.

लग्नाचं राहिलं. लग्न ठरल्या दिवशीच लागलं. घोंगडी मात्र हातभर आखूड भरली, नवरा-नवरीला गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. त्यांची काही तक्रार नव्हती. पण वराकडच्या एका म्हाताऱ्यानं बोटांनी घोंगडी मापली आणि भर मांडवात विचारलं, एवढी हातभर घोंगडी खाल्ली कुणी. सगळ्यांनी नवरीच्या आईकडं पाहिलं. तिनं मान खाली घालायच्या आत सासू पुढं झाली आणि म्हणाली, "गोमाजीनं."