फडक्यातला भोपळा

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाचे पोट लाल भोपळ्याच्या मळ्यांवर चाले. डोंगरावर एक विदुषी राहत असे. मधमाश्यांचा अभ्यास करता करता तिचे केस पिकले होते, पण गावात ती कधी उतरली नव्हती.

एके वर्षी माश्या चावल्या म्हणून लोकांनी मळ्यांजवळची पोळी जाळली. पुढच्या हंगामात भोपळे धरेनात. "उरलेल्या माश्या फुलांचा रस पितात, म्हणून वेल वांझ झाले," असे गावप्रमुखाने ठरवले. आता रानातली पोळीही जाळायची होती.

विदुषीने निरोप धाडला, "मधमाशी परागसंक्रमणाची वाहक असून तिचा संहार अनर्थकारक आहे."

कुणाला काही कळले नाही. लोक पलिते घेऊन निघाले. तेव्हा ती स्वतः धावत खाली आली.

"थांबा! माश्या गेल्या तर भोपळा संपला. मी जन्मभर हेच पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंय," गर्दीतली गोमती नावाची मुलगी म्हणाली. "आम्ही कुठं पाहिलंय?"

कुणीतरी हसले. विदुषी मात्र गंभीर झाली.

"मग पाहा. निम्म्या कळ्यांना तलम फडकी बांधा, म्हणजे तिथं माशी जाणार नाही. माशीच चोर असेल, तर फडक्यातले भोपळे चांगले वाढतील. तसं झालं तर पहिला पलिता मी लावीन."

गावप्रमुखाला हे पटले. गावातल्या मुलामुलींनी फडकी बांधली. विदुषी रोज सकाळी मळ्यात येऊ लागली. कोणत्या फुलाखाली इवलासा भोपळा असतो, कोणत्या फुलात नुसती पिवळी पूड असते, माशी ती पूड अंगावर कशी नेते, हे ती साध्या शब्दांत दाखवी.

"माशीचं काम मी केलं तर?" गोमतीने विचारले.

"ठाऊक नाही बाळ. मला हे कधी सुचलंच नाही. करून बघ."

गोमतीने एक फडके सोडले, फुलाला पूड लावली आणि फडके पुन्हा बांधले.

काही दिवसांनी सगळ्यांसमोर फडकी सुटली. आतली फळे पिवळी पडून गळाली होती. उघड्या फुलांवर जिथे माश्या बसल्या, तिथे भोपळे धरले होते. फडक्यातले एकच फळ टपोरे झाले होते, गोमतीचे.

गावप्रमुखाने ते हाताळून पाहिले. "बाई, हे गेल्या वर्षी का नाही दाखवलंत?"

"तेव्हा मी डोंगरावरूनच सांगत राहिले," विदुषी म्हणाली.

रानातली पोळी वाचली. जळलेली मात्र परत आली नाहीत, आणि त्या वर्षी गावाला अर्धपोटी राहावे लागले. मळे पुढे सावकाश सावरले. डोंगराची वाट मुलांच्या पायांनी रुळली. गोमती मोठी होऊन वेलींची अभ्यासक झाली, आणि तिने आपली झोपडी गावाच्या मधोमध बांधली.

तात्पर्य : ज्ञान लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दिले, तरच ते त्यांचे होते.