पालथे पात्र

गोदावरीच्या काठी एका नगरात पद्मक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी तापसाचा जन्म घेतला होता. नगराबाहेरच्या वडांच्या राईत ते शिष्यांसह राहत आणि रोज सकाळी भिक्षेसाठी नगरात येत. वाटेवर श्रेष्ठी गोभूतीची निळीची टाकी होती.

त्या टाक्यांत रंगारी दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून वल्ह्यांनी निळीचे पाणी घुसळत. पाण्यातल्या चुन्याने पायांची सालपटे निघत आणि उग्र वासाने डोके गरगरे. सामिका त्यांच्यातलीच एक तरुण मुलगी. तिची थोरली बहीण नंदिका दिवस भरत आलेले असताना चक्कर येऊन टाक्यात पडली. नंदिका वाचली, पण मूल गेले. ती अजून अंथरुणावर होती, तोच कारभाऱ्याचा निरोप आला: कामावर ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरी येईल.

सामिकेने त्याच क्षणी वल्हे खाली टाकले आणि ती टाक्याबाहेर आली. मग बाकीचेही एकामागून एक बाहेर आले. त्यांनी सांगितले, आजाऱ्याला आणि गर्भारणीला टाक्यात उतरवायचे नाही, आणि कामाचे नियम श्रेष्ठीने रंगाऱ्यांच्या सगळ्या श्रेणीबरोबर, म्हणजे संघाबरोबर, बसून ठरवायचे.

श्रेष्ठीने उत्तर पाठवले, "एकेकाने या. प्रत्येकाचे ऐकेन. घोळक्याशी मी बोलत नाही."

श्रेणीचा ज्येष्ठक, म्हणजे प्रमुख, बोधक हा सामिकेचा मामा. त्याला हायसे वाटले.

"शब्द देतोय ना तो? मोठा माणूस आहे. आमच्या बापजाद्यांनी असंच निभावून नेलं."

"म्हणूनच आपण अजून टाक्यात आहोत, मामा."

"जीभ आवर, पोरी."

"तुम्ही आवरून काय मिळवलंत? एकेकटे आत जाल आणि एकेकटे माना खाली घालून बाहेर याल."

तरुण रंगारी हसले. म्हातारे खोकले. पण श्रेष्ठीच्या दारात कोणी गेले नाही.

दिवस जाऊ लागले तशा चुली थंड पडल्या. तेव्हा कुंभारवाड्यातली एक बाई आंबिलीचे मडके घेऊन आली आणि म्हणाली, "मडकं तेवढं परत द्या. आंबील परत नको." दुसऱ्या दिवशी तेली आले, मग माळी आले. रंगाऱ्यांची पोटे कशीबशी भरत होती. श्रेष्ठीविरुद्ध मात्र कोणी चकार शब्द काढीना. दर पौर्णिमेला तो तापसांना स्वतःच्या हाताने तूपभात वाढत असे. एवढ्या पुण्यवान माणसाला कोण बोलणार?

सामिकेला हे सहन होईना. ती तडक राईत गेली.

एक वृद्ध तापस तिला म्हणाला, "मुली, आम्हाला व्यवहारात ओढू नकोस."

"तुम्ही व्यवहारातच आहात, महाराज. तुमच्या पात्रातला भात आमच्या टाक्यांतून येतो."

वृद्ध तापस संतापला. बोधिसत्त्व मात्र शांत होते. त्यांनी विचारले, "तुझी बहीण कशी आहे?"

सामिकेला एकदम भरून आले. इतक्या दिवसांत हे कोणी विचारले नव्हते. "पाळणा अजून टांगलेलाच आहे," ती म्हणाली. "ती कुणाला काढू देत नाही."

विचारपूस केली, तरी शेवटी गप्प बसणारा हाही एक वडीलधाराच, असे मनाशी म्हणत सामिका धुमसत परतली.

पौर्णिमेला श्रेष्ठीच्या दारात मांडव पडला. सारे नगर पाहायला लोटले होते. श्रेष्ठी पळीभर भात घेऊन पुढे आला, तेव्हा बोधिसत्त्वांनी सर्वांदेखत आपले भिक्षापात्र पालथे केले. दात्याचे दान नाकारण्याची तापसांची ती खूण होती.

"ज्या कामात नंदिकेचे मूल गेले, त्या कामाचे अन्न आम्ही घेत नाही," ते म्हणाले.

श्रेष्ठीने पळी खाली ठेवली. "तुमच्यासाठी डोंगरात लेणे खोदवतोय मी. ते अर्धेच राहील."

"राहू दे. आम्हाला झाड पुरते."

वृद्ध तापसाने भाताकडे पाहिले. "एवढं तूप वाया जाणार," असे पुटपुटत त्यानेही पात्र पालथे केले. पाठोपाठ साऱ्या रांगेतली पात्रे पालथी झाली. तापस तिथून निघाले ते रंगाऱ्यांत येऊन बसले आणि त्यांच्यातलीच आंबील प्याले.

आता नगराला कंठ फुटला. यक्षाच्या देवळातल्या पुजाऱ्याने श्रेष्ठीची फुले परत पाठवली. सोयरे त्याच्या घरी पाणी घेईनात. त्याच्या आईने जेवण सोडले. टाक्यांतली नीळ नासू लागली.

शेवटी श्रेष्ठी टाक्यांपर्यंत आला आणि दूर उभा राहून म्हणाला, "तुमच्यातला एकजण इकडे या."

सामिका उठली. "आम्ही पुष्कळ आहोत, श्रेष्ठी. तुम्ही एकटे आहात. तुम्हीच या."

मामाने डोळे मिटून घेतले. मग श्रेष्ठी आला आणि रंगाऱ्यांमध्ये जमिनीवर बसला. तापस आणि नगरजन यांच्या साक्षीने रंगाऱ्यांच्या मागण्या मान्य करणारा करार ठरला. तो नगराच्या वेशीवर दगडात कोरला गेला. बहीण पुरती बरी होईपर्यंत तिची जागा तिचीच राहील, हे त्यात आहे ना, हे सामिकेने करार दोनदा वाचायला लावून पाहून घेतले.

विहारात एका तरुण भिक्षुणीला गप्प बसवणाऱ्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो श्रेष्ठी आज आपल्याच विहाराचा दाता आहे. तो वृद्ध तापस आणि तो बोधक आज तुमच्यातले ज्येष्ठ स्थविर आहेत. सामिका म्हणजे ती तरुण भिक्षुणी, जिला तुम्ही आत्ताच 'लहान आहेस, गप्प बस' म्हणालात. आणि पात्र पालथे करणारा तापस मीच होतो. पण तिने येऊन सुनावले नसते, तर त्या पौर्णिमेलाही मी तो भात खाल्ला असता. दुसऱ्याच्या दुःखासाठी आपला लाभ सोडणे, याला मैत्री म्हणतात. त्या जन्मी ती पारमिता, तो परम सद्गुण, मी तिच्याकडून शिकलो."