हद्दीच्या दगडावर बसलेला विणकर

राजे दवंडी पिटून नियम सांगत आणि लोक ते लक्षातही ठेवत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका नगरात एकदा मोठी आग लागली. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की पाण्याच्या पखाली आत नेता येईनात. अख्खी आळी जळाली. तेव्हा राजाने नियम केला, की ज्याने त्याने आपल्या हद्दीच्या दगडापासून पाच हात आत घर बांधावं आणि मधली जागा मोकळी सोडावी.

पुढे त्या नगरात एक विणकर राहायला आला. माणूस मोठा चोख. साधं उपरणं घेतलं तरी हाताने मोजल्याशिवाय खांद्यावर टाकायचा नाही. त्याला तयार घर हवं होतं, आणि घरापेक्षाही मागाला जागा हवी होती. लेकीच्या लग्नाचा शालू तो स्वतः विणणार होता.

एका घराची पडवी पाहून तो हरखला. चांगली लांबरुंद, सकाळचं ऊन थेट मागावर पडेल अशी.

"आतल्या खोल्या तरी बघा," बायको म्हणाली.

"तिथे काय, झोपायचंच तर आहे!"

घरमालकाचं बोलणं साखरेत घोळलेलं. त्याने विणकराला पडवीशेजारच्या एका दगडावर बसवलं आणि हातात गूळपाणी दिलं. बसल्या जागेवरून विणकर पडवीची भिंत कौतुकाने चाचपत राहिला.

शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, "बाबा, बसलायस तो दगड कसला, विचारलंस का?"

"बसायला झकास आहे, आजी," विणकर हसला.

व्यवहार झाला. मालक परमुलखात निघून गेला. पडवीत माग बसला, शालू चढला, सोनेरी मोर एकामागून एक उमटू लागले. शालू निम्मा झाला आणि नगराचे मोजणीदार दोरी घेऊन दारात आले.

त्यांनी दोरीचं टोक त्याच दगडावर धरलं. भिंत एका हातावरच आली.

"मागच्या मोजणीला ही पडवी नव्हती. चार हात पुढे आली आहे. आठ दिवसांत पाडा."

"पण मी कुठे बांधली? मी तर घर तयार घेतलं!"

"बांधली कुणी, ते दोरीला कळत नाही. घर तुझं, तर पडवीही तुझीच."

"निदान शालू होईपर्यंत थांबा!"

"आग थांबेल का?" मोजणीदार म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.

विणकर म्हातारीवर चिडला. "आजी, सरळ सांगायचं नाही का?"

"विचार म्हटलं होतं. तू हसलास."



आतल्या कुठल्याच खोलीत तो माग मावेना. निम्मा शालू त्याला स्वतःच्या हातांनी कापून काढावा लागला. मग त्याने भिंतीवर पहिली कुदळ मारली.

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. साऱ्या नगराला शालू पुरवू शकला असता, अशा विणकराची लेक म्हातारीने उसन्या दिलेल्या शालूत बोहल्यावर चढली.

तात्पर्य : तयार घर घेताना भिंती सगळेच पाहतात; शहाणा आधी हद्दीचा दगड शोधतो आणि तिथून भिंतीपर्यंतचं अंतर मोजतो.